कानबाईच्या आधी नानांशी काय बोलावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा तालुक्यातील एका शिक्षिकेने लिहिले आहे की, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सारे घर गावी जमले असताना भर पंगतीत थोरले काका, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, आणि पुण्यात नोकरी करणारा भाऊ यांच्यात निवडणूक, आरक्षण आणि शेजारच्या गावातील मिरवणुकीचा वाद या तिन्ही गोष्टींवरून कडाक्याचे भांडण झाले. भाऊ ताटावरून उठला आणि संध्याकाळपर्यंत घराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडला. आता श्रावणात कानबाईचे, म्हणजे खान्देशात घरोघरी बसवल्या जाणाऱ्या देवीचे, रोट आहेत, आणि रोटांच्या या प्रसादाला भाऊबंदकीतले सगळे लागतात. त्यांच्याच शब्दांत: “आई म्हणते, विषयच काढू नका. मला ते पटत नाही, कारण माझीही काही ठाम मते आहेत आणि खोटी शांतता मला नको आहे. अशा वेळी बोलावे तरी कसे?”

मी जळगाव जिल्ह्यात २७ वर्षे समुपदेशनाचे काम करते आहे. सुरुवात नवरा-बायकोच्या तक्रारींपासून झाली, पुढे पोलीस ठाण्याच्या महिला दक्षता समितीवर आणि शांतता समितीवर बसू लागले, आणि १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाल्यानंतर बांधाचे, वाटणीचे आणि पाण्याच्या पाळीचे तंटे ऐकण्यात बराच काळ गेला. राजकारण, धर्म आणि जात यांवरची भांडणे या तंट्यांहून निराळी असतात असे मला आधी वाटायचे. आता वाटत नाही. बांधाच्या भांडणात पुढे फूटभर जमीन असते आणि मागे तीस वर्षांपूर्वीचा एखादा अपमान असतो; या भांडणांतही तसेच असते, फक्त इथे मोजायला जमीन नसते.

सर्वप्रथम, तुमच्या आईचे म्हणणे मोडीत काढू नका. शहरात मत जुळले नाही तर माणूस मित्र बदलतो. आपल्याकडे विहिरीचे पाणी पाळीने घ्यायचे असते, केळीची गाडी भरायच्या दिवशी त्याच चुलतभावाचा ट्रॅक्टर लागतो, आणि मुलीची सोयरीक जमवताना त्याच नानांना पुढे करावे लागते. ज्या नात्यातून बाहेर पडायला वाट नाही तिथे काही विषयांवर गप्प राहणे हा भित्रेपणा नसतो, ती एकत्र जगण्याची जुनी रीत असते, आणि ती तुमच्या आईने सांभाळली म्हणूनच आखाजीला सारे घर एका पंगतीत बसू शकले. मात्र त्यांच्या काळात नसलेली एक गोष्ट आता आहे. पूर्वी घरात न निघालेला विषय बहुधा विरून जायचा. आता तो खिशातल्या फोनवर निघतो, आणि तिथे नानांना नानांसारखी माणसे भेटतात, भावाला भावासारखी. दोघेही महिनोन्‌महिने आपापल्या बाजूचेच ऐकून पंगतीला येतात, त्यामुळे पहिल्याच घासाला आवाज चढतो. म्हणून केवळ गप्प राहणे आता पुरत नाही. बोलावे लागेल, पण पंगतीत नव्हे, आणि तिन्ही विषयांवर एकदम तर मुळीच नव्हे.

हे तीन विषय वेगळे करणे हेच अर्धे काम आहे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. माणूस भांडताना एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारतो, कारण एका ठिकाणी उत्तर सुचेनासे झाले की दुसऱ्या ठिकाणी पाय ठेवायला जागा मिळते. आरक्षणाविषयी बोलता बोलता मिरवणूक येते, मिरवणुकीतून पाकिस्तान येते, आणि शेवटी ‘तुम्ही शहरात राहणाऱ्यांना काय कळणार’ इथे येऊन सगळे थांबते. पुन्हा प्रत्येक विषयाच्या पोटातही निरनिराळ्या गोष्टी असतात. काय घडले किंवा कायदा काय सांगतो, हा झाला माहितीचा भाग. काय व्हायला हवे, हा न्यायाच्या कल्पनेचा भाग. आणि माझ्या घरावर काय बेतले आहे, हा भाग बहुतेक वेळा बोलला जातच नाही. माहितीच्या प्रश्नाला न्यायाचे उत्तर दिले, किंवा घरच्या दुखण्यावर कायद्याचे कलम वाचून दाखवले, की संवाद तुटलाच म्हणून समजा.

आरक्षणाचेच उदाहरण घेऊ, कारण या विषयावर मी सर्वांत जास्त वेळा बसले आहे. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने आरक्षणाला सर्वसाधारणपणे ५० टक्क्यांची मर्यादा घातली, २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बल घटकांसाठी १० टक्के आले, फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने मराठा समाजासाठी १० टक्क्यांचा कायदा केला. ही सारी माहिती आहे आणि ती कुणालाही तपासता येते. पण माझ्यासमोर बसलेली माणसे या आकड्यांसाठी भांडत नसतात. काही वर्षांपूर्वी एका गावात टोकरे कोळी समाजातले एक गृहस्थ आणि त्यांचेच बालमित्र असलेले एक मराठा शेतकरी यांच्यात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर हातघाईची वेळ आली, म्हणून मला बोलावले होते. तासभर दोघे एकमेकांच्या समाजाचे हिशेब काढत होते. मी पहिल्या गृहस्थांना विचारले, “अप्पा, तुमच्या घरातलं कोण अडकलंय?” ते काही न बोलता उठले, घरी गेले आणि साड्यांच्या दुकानाची एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. तिच्यात मुलीची सगळी कागदपत्रे होती: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, मोडी वाचणाऱ्याकडून करून घेतलेले लिप्यंतर, जात पडताळणी समितीकडे केलेल्या अर्जाची पोच, आणि सर्वांत खाली, जातीचा दावा खरा ठरवणारे वैधता प्रमाणपत्र मुदतीत आले नाही म्हणून प्रवेश रद्द झाल्याचे कॉलेजचे पत्र. ते पत्र इतक्या वेळा उघडून घडी घातले होते की मधोमध फाटले होते. बालमित्राने ते वाचले, मग नक्कल वाचली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, “हे तू मला कधी सांगितलं नाहीस.” त्यानंतर त्यानेही सांगितले की त्याचा मुलगा इंजिनिअर होऊन वर्ष झाले, शहरात खोलीभाडे आणि खाणावळ जाऊन हातात काही उरत नाही, आणि शेती करतो म्हटले तर मुलगी द्यायला कोणी तयार नाही.

त्या दोघांचे आरक्षणाविषयी एकमत झाले नाही. आजही नाही. पण त्या दिवसानंतर त्यांच्या वादाला काही अर्थ आला, कारण आता ते ‘तुमचे लोक’ आणि ‘आमचे लोक’ यांच्याविषयी न बोलता एका मुलीच्या प्रवेशाविषयी आणि एका मुलाच्या पगाराविषयी बोलत होते. तुमच्या नानांच्या पिशवीत काय आहे हे मला माहीत नाही. भावाच्या पिशवीत काय आहे हेही माहीत नाही, आणि पुण्यात राहणाऱ्या मुलांकडेही अशी पिशवी असते, हे गावाकडची माणसे फार लवकर विसरतात.

न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या प्राचीन तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय आहे ते दोघांनी मिळून शोधायचे तो वाद. जिंकणे एवढाच हेतू धरून बोलायचे तो जल्प. आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता समोरच्याचे खोडत राहायचे ती वितंडा. मराठीत ‘वाद’ या शब्दाला भांडणाचाच अर्थ चिकटला हे मला फार खटकते, कारण मूळ अर्थाने तो तिघांतला सर्वांत आदराचा शब्द आहे. त्याच परंपरेतली दुसरी गोष्ट म्हणजे पूर्वपक्ष. आपले म्हणणे मांडण्याआधी प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण आणि भक्कम स्वरूपात मांडायचे, आणि मगच उत्तरपक्षाकडे वळायचे, अशी शास्त्रचर्चेची शिस्त होती. मी ही शिस्त अगदी साध्या रीतीने वापरते. समोरच्याचे ऐकून झाले की त्याचेच म्हणणे माझ्या शब्दांत त्याला परत सांगते आणि विचारते की मला नीट समजले का. तो जोपर्यंत “हां, हेच म्हणायचंय मला” असे म्हणत नाही, तोपर्यंत माझे मत मी सांगत नाही. पहिल्यांदा बहुतेक वेळा चुकते. माणूस म्हणतो, “नाही नाही, तसं नाही,” आणि मग जे सांगतो ते आधीपेक्षा निवळलेले असते, कारण स्वतःचे म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यातला अतिरेक त्याचा त्यालाच ऐकू येतो. हे करताना त्याच्या म्हणण्याला कुजकट स्वर लावायचा नाही, ‘म्हणजे तुमच्या मते सगळेच’ अशी सुरुवात करायची नाही. तुम्ही शिक्षिका आहात. विद्यार्थ्याचे अर्धवट उत्तर पूर्ण करून घेण्याचे कौशल्य तुमच्याजवळ आहे, तेच इथे लागते.

यात बोलीचाही मोठा वाटा आहे. माणूस राजकारणावर भांडू लागला की त्याची भाषा बदलते, हे तुम्ही पंगतीत पाहिले असेल. दिवसभर अहिराणीत किंवा लेवा बोलीत बोलणारे नाना एकदम ‘लांगूलचालन’, ‘तुष्टीकरण’ असे शब्द काढतात, आणि भाऊ ‘अंधभक्त’, ‘फॅसिझम’ असे. हे शब्द दोघांच्याही घरचे नाहीत. ते टीव्हीवरून आणि फोनवरून तयार होऊन आलेले आहेत, आणि त्यांच्याबरोबर उत्तरेही तयार होऊन आलेली असतात. अशा वेळी मी मुद्दाम बोलीत विचारते: “नाना, तुले काय वाटस?” अहिराणीत अरे-तुरे हा अनादर नसतो, जवळीक असते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. त्या एका प्रश्नाने दर वेळी फरक पडतोच असे नाही, पण बऱ्याच वेळा पडतो. बोलीत उत्तर द्यायचे म्हटले की ते तयार शब्द तोंडात बसत नाहीत. मग माणूस स्वतः पाहिलेले सांगू लागतो, अमक्या साली काय झाले, बाजारात कोण काय म्हणाले, शेताला लागून असलेल्या शेताचा मालक कसा वागतो. तिथून पुढे खरे बोलणे सुरू होते.

परदेशातल्या एका अभ्यासाचाही उल्लेख करते, कारण आमच्या अंदाजाने चाललेल्या कामाला त्याने आधार दिला. डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ कॅला या दोन राज्यशास्त्रज्ञांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मियामीत तृतीयपंथी व्यक्तींविषयीच्या पूर्वग्रहांवर होता. घरोघरी जाऊन सुमारे दहा मिनिटांचे बोलणे करायचे. त्यात उपदेश न करता समोरच्यालाच विचारायचे की तुम्ही इतरांपेक्षा वेगळे आहात म्हणून तुम्हाला कधी कोणी कमी लेखले का. या पद्धतीने झालेला बदल किमान तीन महिने टिकला असे त्यांना आढळले. खान्देशात असे दहा मिनिटांत काही होत नाही, इथे चहा यायलाच तेवढा वेळ जातो, पण स्वतःच्या आठवणीतून दुसऱ्याच्या परिस्थितीकडे जाण्याची वाट तीच आहे.

आता मिरवणुकीच्या वादाविषयी. धर्माचा विषय निघाला की लोक एकोप्याची उदाहरणे एकमेकांच्या तोंडावर फेकतात. जळगावला कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो, तो भिलपुऱ्यात मुस्लिम संत लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबतो आणि तिथे फुलांची चादर चढवली जाते, कारण रथोत्सव सुरू करणारे संत अप्पा महाराज आणि लालशा बाबा यांची मैत्री होती. ही गोष्ट मला स्वतःला अत्यंत प्रिय आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या यावल, रावेर भागातल्या तडवी भिल्लांचेही तसेच. ते मुसलमान आहेत आणि आदिवासीही आहेत, आणि ‘तुम्ही नक्की कोण’ या प्रश्नाला त्यांच्याकडे एका शब्दाचे उत्तर नाही. परंतु कुणी आपली तक्रार सांगत असताना ही उदाहरणे पुढे केली तर ती तोंड बंद करण्यासाठी वापरल्यासारखी होतात. ‘रथ थांबतो ना, मग तुझी तक्रार खोटी’ असा त्यांचा अर्थ ऐकणाऱ्याला लागतो. तक्रार आधी पूर्ण ऐकावी लागते.

तापीकाठच्या एका गावात गणेश विसर्जनाच्या आधी शांतता समितीची बैठक होती. प्रश्न एवढाच होता की मशिदीसमोर नमाजाच्या वेळी मिरवणुकीने वाद्ये दहा मिनिटे बंद ठेवायची की नाही. मंडळाचा अध्यक्ष मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालवणारा तिशीतला मुलगा होता आणि तो काही केल्या मानत नव्हता. समोर मशिदीच्या कमिटीतले एक वृद्ध सदस्य बसले होते, त्यांना सारे गाव चाचा म्हणते. पोलीस अधिकारी नियम वाचून दाखवत होते आणि प्रत्येक नियमाबरोबर त्या मुलाचा चेहरा अधिक ताठ होत होता. मी त्याला विचारले की मागच्या वर्षी काय झाले होते. तो म्हणाला, “मागच्या वर्षी आम्ही स्वतःहून थांबलो ताई. ढोल खाली ठेवले, दहा मिनिटं उभे राहिलो. कोणी पाणी तरी विचारलं का आम्हाला?” चाचा त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “बेटा, आम्हाला वाटलं पोलिसांनी थांबवलं. तुम्ही स्वतः थांबलात, हे आज कळतंय.” वर्षभर त्या मुलाच्या मनात अवमान होता आणि चाचांना त्याचा पत्ताही नव्हता. त्या वर्षी मशिदीच्या बाजूने पाण्याचे जार ठेवले गेले. याने सगळे मिटले असे मी म्हणणार नाही. पुढच्याच वर्षी डीजेच्या आवाजावरून आम्हाला पुन्हा बसावे लागले. पण त्या एका प्रश्नाशिवाय आम्ही नियमावरच अडलो असतो.

छोट्या गोष्टीतून काय होऊ शकते हे आपल्याकडे कुणाला सांगायची गरज नाही. ६ जानेवारी २०१३ रोजी धुळ्यात हॉटेलच्या बिलावरून सुरू झालेले भांडण दंगलीपर्यंत गेले आणि पोलीस गोळीबारात सहा जणांचा जीव गेला. धुळ्यात त्या भागातल्या माणसांशी बोलताना मी एक पथ्य पाळते: ज्याच्या घरातले माणूस गेले आहे त्याच्याकडून ‘दोन्ही बाजू’ समजून घेण्याची अपेक्षा मी करत नाही. त्याचे फक्त ऐकायचे. तटस्थ राहण्याचे ओझे जखमी माणसावर टाकणे हा अन्याय आहे.

फॉरवर्ड केलेल्या मेसेजविषयी तुम्ही वेगळे विचारलेले नाही, तरी लिहिते, कारण तुमच्या घरच्या भांडणाची ठिणगी बहुधा तिथेच आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने मारून टाकले. ते सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आले होते. त्यांच्याविषयी कुणाचाही द्वेष नव्हता, कुणी त्यांना ओळखतही नव्हते. फोनवर फिरणाऱ्या अफवा तेवढ्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. म्हणून नानांनी काही पाठवले आणि ते खोटे आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर सोडून देऊ नका, पण ग्रुपवरही उत्तर देऊ नका. ग्रुपवर चाळीस जणांसमोर पुतणीने चूक दाखवली तर नाना ती चूक मरेपर्यंत जपतील. फोन करा, तब्येत विचारा आणि मग विचारा की तो व्हिडिओ कुठला आहे, कोणी पाठवला, त्यात दिसणारी पाटी कोणत्या भाषेत आहे. ‘हे खोटे आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘आपण दोघे मिळून बघू’ असे म्हणा. पाटी कानडी आहे हे नानांना स्वतः दिसले, तर पुढचा व्हिडिओ पाठवण्याआधी ते थबकतील, अशी शक्यता तरी राहते.

तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याने मला सर्वांत जास्त विचार करायला लावले ते म्हणजे ‘माझीही काही ठाम मते आहेत’. ती सोडू नका. समजूतदारपणे बोलणे म्हणजे प्रत्येक गोष्टीत मधोमध उभे राहणे, हा मोठा गैरसमज आहे. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांशी बोलणे केले आणि मग १ मे १९४७ रोजी उपोषण सुरू केले. दहाव्या दिवशी ते यशस्वी होऊन सुटले. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर त्यांनी कोणताही मधला मार्ग सुचवला नव्हता. पुढे संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्टच केली, त्यामुळे आज त्यावर ‘दोन बाजू’ अशी चर्चा असूच शकत नाही. गुरुजींच्या त्या लढ्यात मला मोलाचे वाटते ते हे की, ज्यांचे मत बदलायचे होते त्यांना त्यांनी शत्रू मानले नाही आणि स्वतःचे मत लपवलेही नाही. तुम्हीही नानांचा पूर्वपक्ष मांडून झाल्यावर स्पष्ट सांगा की, नाना, इथे मला तुमचे पटत नाही आणि त्याचे कारण हे आहे. कारण एकच द्या, जे तुमच्या दृष्टीने सर्वांत भक्कम आहे ते. पाच कारणे दिली तर माणूस त्यांतले सर्वांत कच्चे कारण पकडून बसतो.

आणि काही ठिकाणी बोलणे थांबवावेच लागते. एखाद्या समाजावर बहिष्कार टाका, अमक्यांना धडा शिकवा, अशी चिथावणी कोणी देत असेल, मग तो नात्यातला असला तरी, तिथे बोलून समजूत घालण्याची वेळ टळलेली असते. दोन समाजांत तेढ निर्माण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे आणि अशा वेळी ठाण्यात जाणे हे नाते तोडणे नव्हे. तुमचे नाना त्या टोकाला नाहीत, हे तुमच्या पत्रावरून मला दिसते.

माझ्याकडून जे चुकले तेही सांगते, कारण ते तुमच्या घरच्या प्रसंगासारखेच आहे. माझ्या पुतण्याच्या साखरपुड्यात माझ्या नणंदेच्या यजमानांनी एका समाजाच्या लोकसंख्येविषयी काहीतरी आकडा सांगितला. माझ्याकडे जनगणनेचा आकडा तोंडपाठ होता आणि मी तो पाहुण्यांसमोर सांगितला. आकडा बरोबर होता. ते हसले, विषय बदलला, आणि पुढची दोन वर्षे आमच्या घरी आले नाहीत. नणंद अधूनमधून एकटी यायची आणि लवकर निघायची. पुढे त्यांच्या आजारपणात मी भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, तुमचं बरोबर होतं. पण त्या दिवशी मुलीकडची माणसं बसली होती.” आकडा खरा होता म्हणून मी समाधानी होते, आणि मी त्यांची पत त्यांच्या नव्या सोयऱ्यांसमोर घालवली होती हे मला दोन वर्षे कळलेही नव्हते. या कामात इतकी वर्षे असूनही ते माझ्या हातून झाले, आणि ते मला अजून लागते.

म्हणून कानबाईआधीचे तुमचे काम असे असावे असे मला वाटते. आधी भावाला फोन करा, आणि त्याला नानांची बाजू समजावू नका; त्या दिवशी ताटावरून उठताना त्याला नेमके काय लागले ते विचारा. आरक्षणावरचे वाक्य लागले की ‘तुम्ही शहरातले’ हे लागले, हे कळणे महत्त्वाचे आहे. मग रोटांच्या आठवडाभर आधी एखाद्या दिवशी गावी जा आणि नानांबरोबर शेतात जा. घरात खाटेवर बसलेले नाना घराचे कर्ते असतात, त्यांना हरता येत नाही. कापसाच्या ओळीतून पुढे चालणारे नाना निराळे असतात, आणि चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावे लागत नाही. तिथे एकच विषय काढा, तिन्ही नव्हे. माझे मत विचाराल तर मिरवणुकीचा काढू नका, कारण तो त्यांनी ऐकलेला आहे. आरक्षणाचा काढा, कारण तो कदाचित त्यांनी भोगलेला आहे. त्यांचे म्हणणे त्यांना परत सांगा. त्यांनी होकार दिला तर तुमचे एक कारण सांगा आणि थांबा. त्यांनी उत्तर दिले नाही तरी चालेल. त्या दिवशी भावाचे नाव तुम्ही काढू नका, ते त्यांनी काढले, “तो येतोय का रोटांना?” असे विचारले, तर समजा की तुमचे निम्मे काम झाले.

भाऊ आला तर रविवारी कानबाई बसल्यावर रात्रीच्या जागरणात दोघे समोरासमोर येतीलच. तेव्हा कोणी माफी मागावी अशी अपेक्षा धरू नका. आपल्याकडे पुरुष माफी मागत नाहीत, तंबाखूची डबी पुढे करतात किंवा ‘गाडी कधी घेतली’ असे विचारतात, आणि तेवढ्यावर समोरच्याला ओळखावे लागते. हे भावाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे नानांनी गाडीची चौकशी केली तर तो त्याला टाळाटाळ समजणार नाही. सोमवारी विसर्जन झाल्यावर रोटांच्या पंगतीत दोघांना समोरासमोर न बसवता शेजारी बसवा, आणि त्या ओळीला वाढायला तुम्ही स्वतः राहा.